अकरा काडतुसं

काशीराम हवालदाराला कुणी विचारलं, की बाबा, तुला आयुष्यात काय हवं होतं, तर तो विडी शिलगावायचा आणि विषय बदलायचा. सोनूबाईला, म्हणजे त्याच्या बायकोला, विचारलं तर ती चुलीपुढून न उठताच सांगायची, "ह्यांना? एक बंदूक हवी होती. आनी ती पन दुसऱ्याची."

त्यात खोटं काही नव्हतं.

काशीरामचं गाव लांज्यापासून आत. गाडीरस्ता संपतो तिथून पाऊण तास चढ. वर काळ्या कातळाचा सडा, खाली खोल वहाळ, आणि वहाळाच्या दोन्ही अंगांना भाताचे, नाचणीचे लहान लहान कुणगे. पीक तयार झालं की डुकरं उतरायची. एका रात्रीत कुणगा नांगरल्यासारखा करून जायची. म्हणून गावात पारध होती. थंडीत दोन वेळा आणि शिमग्याला एकदा सगळे पुरुष हाका घालायला, म्हणजे आरडाओरडा करून डुकरं उठवायला, रानात शिरायचे. बंदूक मात्र एकच, काशीरामच्या बापाची. ठासणीची. एक बार काढला की दुसरा भरेपर्यंत डुक्कर संगमेश्वरात पोहोचायचं.

बावन्न साली मन्सूरभाई पहिल्यांदा पारधीला आले. खाडीकाठच्या मोहल्ल्यातले. आफ्रिकेत टांगा नावाच्या बंदरात बारा वर्षं काढून परतले होते. तिथल्या एका जर्मन मळेवाल्याची रायफल त्यांनी विकत घेऊन रीतसर कागदपत्रांनिशी आणली होती. सात एम.एम.ची, बोल्टची. आखूड नळी, बारीक दस्ता. काशीराम तेव्हा अठरा वर्षांचा होता. मन्सूरभाईंना चढ चढायची सवय राहिली नव्हती, म्हणून ती वर न्यायचं काम त्याच्याकडे आलं.

त्याने ती हातात घेतली. बापाची बंदूक सतत जमिनीकडे ओढायची. ही ओढत नव्हती. हातात घेतली की हातातच राहायची. सडा चढून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं, की आपण एकदाही खांदा बदललेला नाही.

त्या दिवशी मन्सूरभाईंनी वहाळापलीकडचं डुक्कर पाडलं. दीडशे पावलांवरचं. गावाने तेवढ्या लांबचा बार तोवर पाहिला नव्हता. मग पानांवर वाटे पडले. गावची रीत जुनी: माणशी एक वाटा, कुत्र्याला अर्धा, आणि बंदुकीचा एक. आता पंचाईत झाली. बंदूक मन्सूरभाईंची, आणि मन्सूरभाई डुकराला हात लावणार नाहीत. बंदुकीचा वाटा टाकून तर देता येत नाही. म्हातारे बराच वेळ खलबतं करत बसले. शेवटी ठरलं, की बंदूक ज्याने वर नेली त्याने तो न्यावा.

काशीराम दोन वाटे घेऊन घरी गेला. आईने दुसरा वाटा वेगळ्या मडक्यात शिजवला. त्या घराला इतकं मटण एका वेळी ठाऊक नव्हतं.

तीन हिवाळे असंच चाललं. तिसऱ्या वर्षी, मोहल्ल्यात परत जाण्याआधी, मन्सूरभाईंनी पलीकडच्या बांधावर मडक्याचं खापर ठेवायला लावलं आणि रायफल काशीरामच्या हातात दिली.

"एक गोळी. लागली तर तुझं नशीब."

खापर उडालं. मन्सूरभाईंनी रायफल परत घेतली आणि म्हणाले, "बस. आता परत मागू नकोस. ह्या गोळ्या इथे मिळत नाहीत. माझ्या पोटच्या पोरीपेक्षा जपतो मी त्या."

काशीराम हसला. पण मागायची गोष्ट मनातून गेली नाही. पुढच्याच वर्षी तो फौजेत भरती झाला. घरची माणसं म्हणायची, पगारासाठी गेला. त्याला स्वतःला माहीत होतं तो कशासाठी गेला ते.

फौजेत बंदुका पुष्कळ मिळाल्या. सगळ्या जड. 'थ्री नॉट थ्री' त्याने दहा वर्षं वाहिली, साफ केली, आंधळ्याने करावी तशी डोळे मिटून जोडली. ती चांगली होती, पण ती सरकारची होती. पासष्ट साली ट्रक उलटला आणि त्याच्या उजव्या खांद्याचं हाड मोडलं. ते बसलं, पण सरळ बसलं नाही. तेव्हापासून बार काढला की धक्का दातांपर्यंत जायचा. तो कुणाला बोलला नाही. निवृत्त होईपर्यंत दात आवळून नेम मारत राहिला.

बासष्टमध्ये मन्सूरभाई तापाने गेले होते. काशीरामला ते वर्षभराने, सुटीवर आल्यावर कळलं. तो मोहल्ल्यात भेटायला गेला. मन्सूरभाईंच्या पत्नी हफीजाभाभी दाराआड बसल्या होत्या. त्यांची मुलगी मासूमा तेव्हा दहा-अकरा वर्षांची असेल. भिंतीवर रायफल होती. तो चहा प्यायला, चार शब्द बोलला, भिंतीकडे न बघता उठला. ती विचारायची वेळ नव्हती. पुढे वेळ होती तेव्हा धीर झाला नाही. भाभींनी परवाना आपल्या नावावर करून घेतला होता. दर तीन वर्षांनी त्या रायफल चादरीत गुंडाळून एस.टी.ने रत्नागिरीला न्यायच्या, दाखवून परत आणायच्या. विकायची भाषा त्यांनी कधी केली नाही.

त्र्याऐंशीच्या पारधीत बापाच्या बंदुकीची नळी तडकली. कुणाला इजा झाली नाही, एवढंच. गाव बंदुकीवाचून राहिलं. पुढल्या दोन्ही पिकांना डुकरांनी गावाला हसायचं तेवढं हसून घेतलं. देवळात बैठक बसली. काशीराम फौजी, पेन्शनर, त्याला परवाना अडणार नाही, म्हणून त्यानेच अर्ज करावा असं ठरलं. त्याच्या शेजारचा रघू सगळ्यात जोरात बोलला, कारण त्याची नाचणी सगळ्यात जास्त गेली होती.

पंच्याऐंशीच्या मार्चमध्ये मंजुरी आली. रत्नागिरीच्या कचेरीतला कारकून म्हणाला, "हत्यार कोणतं घेणार ते लिहून द्या. बोअरसकट. तेच परवान्यावर चढेल. एकतीस मेपर्यंत या. आणि हवालदार, एकदा चढलं की चढलं. पुन्हा बदलायचं तर नव्याने अर्ज."

काशीरामने कागद घडी करून खिशात घातला.

तो कोल्हापूरला दुकानात जाऊन आला. बारा बोअर त्याने बघून बाजूला ठेवली. तिचा छर्रा वहाळापलीकडे पोहोचणार नाही आणि डुकरं नेहमी पलीकडेच उभी राहतात. पॉइंट टू-टू फार लहान, तिने डुक्कर चिडेल तेवढं. त्याला एकच बंदूक घ्यायची होती. ती दीडशे पावलं सरळ जायला हवी, पावसात फुगायला नको, सडा चढताना गळ्यात लोढणं व्हायला नको, आणि त्या खांद्याला सोसायला हवी. दुकानदाराने तीन-पंधरा बोअरची रायफल समोर ठेवली. आपल्याच सरकारी कारखान्यातली, बोल्टची, मजबूत. काशीरामने उचलली, खांद्याला लावली. नळी पुढे झुकली. जुनी ओळख होती ती. सरकारी बंदुकीची सख्खी बहीण.

"हलकी काही नाही?"

"हलकी कशाला? नाचवायचीय का?" दुकानदार म्हणाला. "काडतूस मिळतं ते हत्यार घ्या. हिचं मिळतं. दर वर्षी मिळेल."

"सात एम.एम.?"

"त्याची गोळी मी बारा वर्षांत पाहिली नाही. बाहेरून यायचं बंद झालं. कुणाकडे जुनी असतील तेवढीच. ती संपली की बंदूक भिंतीला."

काशीराम परतला तेव्हा दारात पोस्टकार्ड येऊन पडलं होतं. अक्षर मासूमाचं, बोलणं भाभींचं. 'मासूमा मला मुंबईला नेते आहे. घर बंद होईल. ह्यांची बंदूक तुझ्याशिवाय कुणाला द्यायची नाही. अकरा काडतुसं आहेत. लवकर ये.'

त्याने कार्ड दोनदा वाचलं. मग अंगणात जाऊन उभा राहिला. सोनूबाईने आतून विचारलं, "कुनाचा कागद?"

अकरा. त्याने हिशेब मांडला. हाक्यात आपण एकदाच बार काढतो, चुकत नाही. वर्षाला एक धरली तर अकरा वर्षं. एक्कावन्न अधिक अकरा, बासष्ट. बासष्टनंतर कोण चढतोय सड्यावर? जुळत होतं. इतकं नीट जुळत होतं, की त्याला स्वतःचाच संशय आला.

रघूला ते जुळलं नाही. पाणंदीत गाठून त्याने विचारलं, "हवालदार, अकरा गोळ्या? आनी डुकरां किती मोजलीस?"

"एका वेळंला एकच येतंय नेमासमोर."

"येतंय ना. पन त्याचा भाव-भावजय मागं उभी असतात. त्यांना काय रामराम करनार?"

"बघू रं."

"बघ. तुजी हौस हाय, माजी नाचनी हाय. येवढंच."

रघूचं खरं होतं. पण खरं असून भागत नाही अशाही गोष्टी असतात. तेहतीस वर्षं एखादी वस्तू न मागता सांभाळली, आणि आता तीच आपल्याला बोलावते आहे. तिला नाही कसं म्हणायचं?

मेच्या तिसऱ्या आठवड्यात तो मोहल्ल्यात गेला. भाभी आता सत्तरीच्या झाल्या होत्या. दाराआड बसायच्या नाहीत. पडवीत खाटेवर बसून त्यांनी हाक मारली.

"आलास? मना वाटला, फौजवाला विसरला."

"विसरीन कसा, भाभी."

"बावीस वर्षां भिंतीकडं बघत नव्हतास. मना काय दिसत नव्हता?"

काशीरामने मान खाली घातली. भाभी खुदकन हसल्या आणि त्यांनी रायफल आणवली.

लाकडाला तेल होतं, नळीत गंज नव्हता. त्याने बोल्ट ओढला. तोच आवाज. खांद्याला लावली. ती त्या वाकड्या हाडाच्या खोबणीत अशी बसली, जशी काही त्या हाडासाठीच केली होती. तो बराच वेळ तशीच धरून राहिला. अंगणातला माड, कुंपण, पलीकडची खाडी, सगळं नळीच्या टोकावरच्या त्या लहानशा माशीवर येऊन थांबलं. आपण अठरा वर्षांचे नाही, हे त्याला क्षणभर आठवलं नाही.

"काडतुसां पन बघ," भाभी म्हणाल्या. त्यांनी एक डबा पुढे केला. आत मऊ फडकं, फडक्यात अकरा काडतुसं. पितळ सोन्यासारखं लखलखत होतं. "ह्यांनी मरताना सांगितला, गोळ्यांना दमट लागू देऊ नको. खाडीची हवा, तुला ठाव हाय. मी एक साल चुकले नाय. दर मे महिन्यात कोकमां सुकवायला घातली की बाजूला ह्या पन. आठ दिवस कडक उन्हात. कातळावर. स्वतः राखण बसायची, कावळ्यानं उचलू नये म्हणून. तेवीस वर्षां."

काशीरामचे हात थांबले.

फौजेत काडतुसाच्या पेटीवर ऊन पडलं तर शिक्षा व्हायची. सावली, थंडावा, कोरडी हवा. दारूगोळ्याचा पहिला धडा तोच. आणि इथे मेचा कातळ. ज्याच्यावर अनवाणी पाय ठेववत नाही, त्या कातळावर तेवीस उन्हाळे.

"किती जपलंत भाभी," तो म्हणाला.

"एक उडवून बघ. मी हाय ना समोर, परवाना माझ्या नावाचा हाय. खाडीकडं तोंड कर."

खाडीकडे माणूस नव्हतं, होडी नव्हती. त्याने एक काडतूस भरलं, नेम धरला, चाप ओढला.

टक्.

तो हलला नाही. नळी खाडीकडेच धरून साठपर्यंत मोजलं. उशिरा उडालेली गोळी माणूस मारते, हे त्याने पाहिलं होतं. मग बोल्ट ओढला, काडतूस बाहेर काढलं. बुडावर पिनेची खूण खोल, मध्यावर, जशी पाहिजे तशी. रायफल निर्दोष होती.

दुसरं भरलं. टक्. साठ. तिसरं. टक्.

"उडत नाय?" भाभींचा आवाज बारीक झाला. "दमट लागली की काय? काशीराम, मी तर येवढी..."

त्याने वळून पाहिलं. भाभी खाटेवरून उठल्या होत्या. एका हाताने खांब धरला होता. त्यांच्या तोंडावर जे होतं ते पाहून काशीरामच्या तोंडून बाहेर पडलं, "गोळ्यांचा दोष नाय, भाभी. गोळ्या चांगल्या हाईत. रायफलीची स्प्रिंग गेली. जुनी झाली. पिन जोरात बसत नाय."

तीन काडतुसं त्याने पटकन खिशात टाकली. त्यांच्या बुडावरच्या खुणा कुणाला दिसायला नकोत म्हणून.

भाभी खाली बसल्या. सुटल्यासारखा श्वास घेतला. मग म्हणाल्या, "म्हंजे बंदूकच खराब."

"व्हय."

"मग तुला कशी देऊ? ह्यांच्या मागं मी तुला फसवली, असा होईल."

हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"मना चालेल, भाभी. नीट करून घेईन."

"नाय. डुक्कर अंगावर आलं नि उडली नाय तर? सोनूबाईला मी काय तोंड दाखवू? जमा करते पोलिसांत. मग धोका नको."

तो दोनदा बोलला, त्या दोनदा नाही म्हणाल्या. शेवटची एस.टी. चुकेल म्हणून तो निघाला.

सोनूबाईने सगळं ऐकून घेतलं. भाकरी थापता थापता तिचा हात थांबला. "तुमी खोटं बोललात. आनी बंदूक घालवलीत."

"व्हय."

"मग उद्या जावा नि खरं सांगा. उन्हानं गेल्या म्हनावं. म्हातारीला काय ठाऊक? बंदूक तरी घरात येईल."

"गोळ्यांवाचून?"

"गोळ्या कुनाला होव्यात? गावाला." सोनूबाई म्हणाली. "तुमाला बंदूक होवी. मी काय आंधळी हाय?"

तो तिच्याकडे पाहत राहिला. इतकी वर्षं आपण हिला काहीच सांगितलं नाही, आणि हिच्यापासून काहीच लपलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो पहिल्या गाडीने गेला. वाटभर त्याने वाक्य जुळवलं. भाभी, तुमची चूक नाही, मन्सूरभाईंनी दमट म्हणून सांगितलं, ऊन सांगितलं नाही, कुणालाही ठाऊक नसतं. वाक्य चांगलं होतं. मोहल्ल्याच्या वळणावर त्याने ते एकदा पुटपुटूनही पाहिलं.

अंगणापलीकडच्या कातळावर कोकमं पसरलेली होती. त्यांच्या बाजूला पांढरं फडकं, चारी कोपऱ्यांवर दगड. फडक्यावर उरलेली आठ काडतुसं एका रांगेत. भाभी डोक्यावर पदर ओढून उन्हातच बसल्या होत्या.

"भाभी, हे काय?"

"तू मना बरा वाटावा म्हणून बोललास, असा वाटला," त्या म्हणाल्या. "सकाळी उठले नि पयला हाच आला मनात. स्प्रिंग नसेल गेली. गेल्या साली मी आजारी, चारच दिवस ऊन दिला ह्यांना. त्यानंच झाला असेल. आज मासूमाला पन बोलले, माझ्या हातून त्यांची येवढी एक गोष्ट..." कपाळावरचा घाम पदराने टिपला. "खरा सांग काशीराम. माझ्यामुळं खराब झाल्या?"

जुळवलेलं वाक्य ओठापर्यंत आलं होतं. ते उच्चारलं असतं तर रायफल त्याची होती. ती भिंतीवर राहिली असती, त्याने ती उतरवली असती, तेल लावलं असतं, खांद्याला लावून वहाळापलीकडे पाहिलं असतं. उडाली नसती तरी.

तो भाभींच्या समोर उकिडवा बसला. एक काडतूस उचललं. बोटांना चटका बसला.

"बावीस वर्षं फौजेत गोळ्या हाताळल्या मी," तो म्हणाला. "येवढ्या निगुतीनं ठेवलेल्या कुटं बघितल्या नाईत. स्प्रिंगच गेली. कुरानावर हात ठेवायला सांगू नका मना, पन देवाशपथ सांगतो."

भाभींनी बराच वेळ त्याच्या डोळ्यांत पाहिलं. मग मान हलवली आणि फडक्याची गाठ बांधायला घेतली.

एकतीस तारखेला दोघं रत्नागिरीला भेटली. रायफल पोलीस ठाण्यात नेऊन दिली. शिपायाने नळीला दोऱ्याने चिठ्ठी बांधली, नंबर टाकला, आणि ती आतल्या खोलीत इतर दहा-बारा बंदुकांच्या ढिगावर ठेवली. काडतुसांचा डबा वेगळा. पावतीवर भाभींनी सही केली. काशीराम दारात उभा होता. त्याने आत पाहिलं नाही.

मुंबईची गाडी चारला होती. स्टँडवर मासूमा सामान वर चढवत होती. भाभी खिडकीशी बसल्या आणि त्यांनी त्याला जवळ बोलावलं.

"मग तू आता कोणती घेणार?"

"तीन-पंधरा. नवी मिळते. गोळ्या पन मिळतात."

"हलकी हाय ना? तुझा खांदा दुखतो, मना ठाव हाय."

"हलकीच हाय, भाभी. मन्सूरभाईंच्या बंदुकीइतकीच."

"मग झाला," भाभी म्हणाल्या आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

गाडी सुटली. परवान्याची कचेरी बंद व्हायला तास उरला होता. काशीराम उन्हातून भराभर चालत निघाला. खिशातली तीन काडतुसं एकमेकांवर वाजत होती, म्हणून त्याने खिशावर हात दाबून धरला.